स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिताय? मग मेमरी कोण वाटणार?

एरवी प्रोग्रॅममध्ये ‘मॅलॉक’ लिहिलं की मेमरी मिळते. हौसेने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली की कळतं, तिथे मॅलॉक नसतोच. तो आपण लिहायचा, नाहीतर ‘लिबअलॉक’सारखा छोटा तयार अ‍ॅलोकेटर जोडायचा.

यवतमाळकडच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून लगेच उमगेल. कर्नल मेमरी देतो ती अख्ख्या पेजमध्ये, बहुधा ४०९६ बाइट. मागणाऱ्याला हवे असतात २०. म्हणून अ‍ॅलोकेटर पेजचे पोटहिस्से पाडतो आणि कोणता कुणाकडे याची नोंद ठेवतो. शेजारचे मोकळे तुकडे एकत्र धरले नाहीत, तर एकूण जागा भरपूर असूनही मोठी मागणी भागत नाही. (शेतीत त्यासाठी १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, इथे तलाठीही आपणच.)

लिबअलॉकला आपल्याकडून चारच फंक्शन लागतात: पेज देणारं, परत घेणारं, कुलूप लावणारं, काढणारं. नवखे कुलूपवाली दोन रिकामीच सोडतात. मग नोंद अर्धवट बदललेली असताना इंटरप्ट येतो, त्याचा हँडलरही मेमरी मागतो आणि यादी बिघडते. क्रॅश मात्र बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी होतो. एकच कोअर असेल तर कुलूप म्हणजे इंटरप्ट बंद करणं. कुलूप काढताना ते आधी चालू होते तरच पुन्हा चालू करायचे.