विद्यापीठाची टोपी कोणी शिवली?

अमेरिकेत विद्यापीठाच्या नावाचा मोठा धंदा चालतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. तेथील विद्यापीठांचे फुटबॉलचे, बास्केटबॉलचे संघ असतात. त्या संघांचे लाखो चाहते असतात आणि ते विद्यापीठाचे नाव व बोधचिन्ह छापलेल्या टोप्या, टी-शर्ट, स्वेटशर्ट हौसेने विकत घेतात. विद्यापीठ स्वतः एक टाकाही घालत नाही. ते नाव वापरण्याचा परवाना कंपनीला देते आणि विक्रीवर रॉयल्टी घेते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हा बाजार वर्षाला सुमारे अडीच अब्ज डॉलरचा होता. कंपनीही स्वतः शिवत नाही. ती ठेकेदाराला ऑर्डर देते आणि ठेकेदार होंडुरास, मेक्सिको, डोमिनिकन रिपब्लिक, इंडोनेशिया, बांगलादेश, जेथे मजूर स्वस्त मिळेल तेथे काम करून घेतो. म्हणजे नाव एकाचे, नफा दुसऱ्याचा आणि घाम तिसरीचा. 'तिसरीचा' हे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण या मशीनवर बसणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात.

अशा कारखान्यांना इंग्रजीत स्वेटशॉप म्हणतात. घाम पिळून घेणारी जागा. हे सारे गरीब देशांतच चालते असे कोणी समजू नये. ऑगस्ट १९९५मध्ये कॅलिफोर्नियातील एल मॉन्टे या गावी काटेरी तारांच्या आड कोंडून ठेवलेले ७२ थाई कामगार सापडले. त्यांच्याकडून वर्षानुवर्षे कपडे शिवून घेतले जात होते आणि ते कपडे अमेरिकेतल्या नामवंत दुकानांत विकले जात होते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ज्या देशात उभा आहे, त्याच देशातली ही वेठबिगारी!

१९९७च्या उन्हाळ्यात शिवणकामगारांच्या 'युनाइट' या युनियनमध्ये काही विद्यार्थी उमेदवारी करायला गेले होते. आपल्या विद्यापीठाची टोपी कोठे शिवली जाते, हा साधा प्रश्न त्यांच्यातूनच पुढे आला. त्याचे उत्तर १९९८मध्ये मिळाले. डोमिनिकन रिपब्लिकमधील व्हिला आल्ताग्रासिया येथील बीजे अँड बी या कारखान्यात अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या टोप्या तयार होत. दुकानात ती टोपी सुमारे वीस डॉलरला विकली जाई आणि ती शिवणाऱ्या कामगार बाईच्या वाट्याला येत आठ सेंट. वीस डॉलर म्हणजे दोन हजार सेंट. दोन हजारांतले आठ! वाचकांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. त्याच वर्षी वेगवेगळ्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन 'युनायटेड स्टुडंट्स अगेन्स्ट स्वेटशॉप्स' ही संघटना उभी केली.

या विद्यार्थ्यांनी पहिली मागणी कोणती केली, हे आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यांनी आधी पगारवाढ मागितली नाही, बहिष्काराची हाकही दिली नाही. त्यांनी कारखान्यांचे पत्ते मागितले. कंपनीने आपल्या प्रत्येक ठेकेदार कारखान्याचे नाव आणि ठिकाण जाहीर करावे, एवढेच. कंपन्या म्हणाल्या, हे व्यापारी गुपित आहे, ते उघडे केले तर प्रतिस्पर्धी आमचे ठेकेदार पळवतील. पण ज्या कारखान्याचा पत्ताच नाही तेथल्या बाईने न्याय कोठे मागायचा आणि तिच्या बाजूने कोणी बोलायचे? शोषण करणाऱ्याला सर्वांत मोठे संरक्षण कायद्याने मिळत नाही, ते अंधाराने मिळते. विद्यार्थ्यांनी हे अचूक ओळखले.

जानेवारी १९९९मध्ये ड्यूक विद्यापीठात विद्यार्थी प्रशासनाच्या इमारतीत जाऊन बसले आणि ३१ तास उठले नाहीत. त्यानंतर जॉर्जटाउनमध्ये ८५ तास, विस्कॉन्सिनमध्ये ९७ तास आणि ऍरिझोनामध्ये तर २२५ तास ठिय्या झाला. कोठे स्वेटशॉपची वेषभूषा करून नकली फॅशन शो भरवले गेले, तर कोठे कुलगुरूंच्या दारात पत्रके वाटली गेली. मालमत्तेची मोडतोड नाही, कोणाला मारहाण नाही. तरीही फेब्रुवारी २०००मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने पोलीस बोलावून ५४ विद्यार्थ्यांना अटक करविली. दारिद्र्याविषयी परिसंवाद भरवणारी विद्यापीठे आपल्या उत्पन्नाचा हिशेब मागितला की पोलीस बोलावतात, याचे आश्चर्य निदान आपल्या चळवळीच्या वाचकांना वाटू नये.

मात्र ठिय्या फुकट गेला नाही. ऑक्टोबर १९९९मध्ये नायकी कंपनीने काही विद्यापीठांच्या मालापुरते कारखान्यांचे पत्ते उघड केले आणि २००५मध्ये आपल्या सर्व, म्हणजे सातशेहून अधिक कारखान्यांची यादीच प्रसिद्ध केली. ते व्यापारी गुपित कोठे गेले? प्रतिस्पर्ध्यांनी ठेकेदार पळवल्याने कंपनी काही बुडाली नाही.

पत्ता मिळाला तरी कारखान्यात जाऊन पाहणार कोण, हा पुढचा प्रश्न होता. क्लिंटन सरकारच्या पुढाकाराने 'फेअर लेबर असोसिएशन' नावाची संस्था निघाली होती, परंतु तिच्या संचालक मंडळावर खुद्द कंपन्याच बसलेल्या होत्या. चोरानेच पंचनामा लिहायचा असा तो प्रकार. विद्यार्थ्यांनी ते नाकारले आणि एप्रिल २०००मध्ये 'वर्कर राइट्स कन्सॉर्टियम' ही वेगळी संस्था उभी राहिली. तिच्या कारभारात एकाही कंपनीला जागा नाही. सुरुवातीला चाळीसहून अधिक विद्यापीठे तिची सभासद झाली, पुढे ही संख्या दीडशेच्या वर गेली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेही तिच्या सभासदांत आले.

कंपन्यांना हे किती झोंबले याचा पुरावा लगेच मिळाला. ओरेगॉन विद्यापीठ या नव्या संस्थेत सामील होताच नायकीचे संस्थापक फिल नाईट यांनी आपल्या या मातृसंस्थेला द्यावयाची सुमारे तीन कोटी डॉलरची देणगी रोखून धरली. पुढे ओरेगॉनने ते सभासदत्व सोडले आणि नाईटसाहेबांच्या थैलीचे तोंडही पुन्हा मोकळे झाले. दानशूर उद्योगपतींचे दान कोणत्या अटीवर मिळते ते यावरून समजते.

विद्वानांचा विरोधही झाला. मुंबईत जन्मलेले आणि कोलंबियातच शिकवणारे अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांच्या पुढाकाराने अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०००मध्ये विद्यापीठांच्या प्रमुखांना पत्र लिहून सावध केले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या कारखान्यांत स्थानिक पगारापेक्षा बरा पगार मिळतो, आणि बाहेरून अटी लादल्या तर काम कमी होऊन नुकसान गरीब कामगारांचेच होईल. हा मुद्दा आम्ही उडवून लावणार नाही. कारखाना बंद पडला तर त्या बाईच्या घरातली चूल विझते, हे खरेच आहे. परंतु मिळते तेही जाईल, ही भीती आमच्या आज्या-पणज्यांनाही घातली गेली होती. गावकीची कामे सोडाल तर खाल काय, असे त्यांना विचारले गेले होते. मेलेली ढोरे ओढणे सोडले तेव्हा उपासमारीचे दिवस आले, बहिष्कार आला, पण म्हणून ते सोडणे चुकीचे होते असे कोणी म्हणेल काय? प्रश्न एवढाच आहे की हा निर्णय ज्याचे पोट जळते त्याने घ्यायचा की दुसऱ्याने त्याच्या वतीने. आणि येथे या विद्यार्थी संघटनेचा एक नियम आम्हाला मोलाचा वाटतो. कारखान्यातले कामगार मागत नाहीत तोवर ती त्या मालावर बहिष्काराची हाक देत नाही.

मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यात आटलिस्को येथे कुकडोंग नावाचा कोरियन मालकाचा कारखाना होता. तेथे नायकी आणि रिबॉकसाठी विद्यापीठांचे स्वेटशर्ट शिवले जात. जेवणात सडके अन्न दिले जाते म्हणून कामगारांनी आवाज उठविला, पुढाकार घेणाऱ्यांना काढून टाकले गेले, आणि जानेवारी २००१मध्ये शेकडो कामगारांनी काम बंद केले. पोलिसांनी त्यांना झोडपून काढले. पण आता पत्ता माहीत होता! विद्यार्थ्यांनी आपापल्या विद्यापीठांवर दबाव आणला, नव्या संस्थेने जागेवर जाऊन चौकशी केली, कंपन्यांना उत्तर द्यावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कामगारांच्या स्वतंत्र युनियनला मान्यता मिळाली.

प्रत्येक ठिकाणी असे झाले नाही. ज्या बीजे अँड बीच्या टोपीपासून सारे सुरू झाले, तेथेही २००३मध्ये युनियनचा करार झाला. पण ऑर्डरी आटत गेल्या आणि २००७मध्ये कारखानाच बंद पडला. भांडवलाला पाय असतात, कामगाराला घर असते. हा या लढ्याचा सर्वांत अवघड भाग आहे आणि विद्यार्थ्यांच्या घोषणांनी तो सुटलेला नाही. त्याच गावात २०१०मध्ये नाइट्स अॅपरल या कंपनीने आल्ता ग्रासिया नावाचा कारखाना काढला. तेथे किमान वेतनाच्या तिपटीहून अधिक पगार आणि युनियनला मोकळीक देऊन विद्यापीठांचे कपडे शिवले गेले. करायचे ठरवले तर करता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. बाकी कंपन्यांनी मात्र त्याचा कित्ता गिरवला नाही.

सर्वांत मोठी लढाई होंडुरासची. चोलोमा येथील 'जर्झीज दे होंडुरास' या रसेल कंपनीच्या कारखान्यात युनियन झाली होती. २००७मध्ये रसेलने युनियनसाठी झटणाऱ्या १४५ जणांना काढले, दबावामुळे परत घेतले, आणि जानेवारी २००९मध्ये तो कारखानाच बंद करून सुमारे १२०० कामगारांना रस्त्यावर आणले. मंदीचे कारण पुढे केले गेले. वर्कर राइट्स कन्सॉर्टियमच्या चौकशीत मात्र युनियनविषयीचा आकसच दिसला. होंडुरासच्या कामगार स्त्री-पुरुषांनी अमेरिकेत येऊन एकेका विद्यापीठात सभा घेतल्या. आपल्या अंगावरचा शर्ट जिने शिवला तीच बाई समोर उभी राहून बोलते, तेव्हा ऐकणाऱ्याला दुसरीकडे पाहता येत नाही. सुमारे शंभर विद्यापीठांनी रसेलशी परवाना करार तोडले. रसेलची मूळ कंपनी वॉरेन बफे यांच्या मालकीच्या समूहातली, म्हणून विद्यार्थी ओमाहाला त्यांच्या दारापर्यंत गेले. नोव्हेंबर २००९मध्ये रसेलने गुडघे टेकले. नवा कारखाना उघडून त्याच १२०० कामगारांना कामावर घेण्याचे आणि युनियनच्या आड न येण्याचे तिने मान्य केले. त्या नव्या कारखान्याचे नाव 'नुएव्हो दिया', म्हणजे नवा दिवस.

पुढच्याच वर्षी होंडुरासमधील दोन बंद पडलेल्या ठेकेदार कारखान्यांच्या कामगारांसाठी नायकीला पंधरा लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. इंडोनेशियात पीटी किझोन या कारखान्याचा मालक २७००हून अधिक कामगारांचे पैसे बुडवून पळाला, तेव्हा आदिदासने हात वर केले होते. विद्यापीठांनी करार तोडू लागताच २०१३मध्ये तिनेही तडजोड केली. आणि त्याच वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा कोसळून ११३४ जीव गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत घातले गेले. त्यानंतर झालेल्या इमारत व अग्निसुरक्षा करारावर आपल्या परवानाधारक कंपन्यांनी सही करावी, म्हणून हेच विद्यार्थी पुन्हा कुलगुरूंच्या दारात बसले. या संघटनेत गोऱ्या, खात्यापित्या घरच्या मुलांचा भरणा आहे ही टीका तिच्यावर घरातूनच झाली होती आणि ती रास्तही होती. पण खात्यापित्या घरची आपल्याकडची मुले एवढ्या काळात काय करीत होती, हेही जाता जाता विचारायला हरकत नाही. आरक्षणाविरुद्ध रस्ते झाडण्याची आणि बूट पुसण्याची नाटके २००६मध्ये कोणी केली होती?

आता कोणी म्हणेल, अमेरिकेच्या टोपीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. कापडाच्या धंद्यात जात कशी काम करते हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखविले होते. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने लावावा लागे आणि विटाळ होई. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला, तेव्हा कोठे तो मागण्यांत शिरला. आज तामिळनाडूतल्या सूतगिरण्यांत आणि शिलाई कारखान्यांत उलटे चित्र आहे. तेथे खालच्या कामावर दलित मुलीच हव्या असतात, कारण त्या स्वस्त पडतात आणि त्यांच्या मागे कोणी उभे नसते. 'सुमंगली' या गोड नावाच्या योजनेत तीन-तीन वर्षे राबवून घेऊन शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे देण्याचे आमिष कसे दाखवले जाई, हे २०११च्या सुमारास जगासमोर आले.

जानेवारी २०२१मध्ये दिंडीगल जिल्ह्यातील नाची अॅपरल या कारखान्यातल्या वीस वर्षांच्या दलित कामगार तरुणीचा खून झाला. तिच्या पर्यवेक्षकाला अटक झाली. तो तिला कित्येक महिन्यांपासून छळत होता, असे तिच्या घरच्यांनी आणि सोबतिणींनी सांगितले. हा कारखाना एचअँडएमसारख्या परदेशी कंपन्यांसाठी कपडे शिवत होता. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील 'तामिळनाडू टेक्स्टाईल अँड कॉमन लेबर युनियन'ने हे प्रकरण दडपू दिले नाही. चौकशीला कोण आले? अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या ठिय्यातून जन्मलेली तीच वर्कर राइट्स कन्सॉर्टियम. खून ही एकटी घटना नव्हती, तेथे बायकांचा लैंगिक छळ सर्रास चालत होता, असे तिच्या चौकशीत आढळले.

एप्रिल २०२२मध्ये युनियन, कारखान्याची मालक कंपनी आणि एचअँडएम यांच्यात करार झाला, पुढे गॅप आणि पीव्हीएच या कंपन्याही त्यात आल्या. लिंगभेदाबरोबर जातीवरून होणारा भेदभावही या करारात नावानिशी निषिद्ध ठरविला गेला. जात हा शब्द परदेशी कंपनीच्या सहीखाली आला! छळ झाला तर तक्रार कोणाकडे करायची, याचीही सोय करारात केली गेली. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित कामगार प्रतिनिधी, आणि ती त्याच ओळीत मशीनवर बसणाऱ्या बायकांतून युनियनने निवडायची.