संदेश-वाहिन्यांची अवस्था कशी ओळखावी

प्रास्ताविक

टपालाच्या पेटीत टाकलेले पत्र पत्त्यावर पोचेपर्यंत किती हातांतून जाते, याचा विचार पत्र टाकणारा मनुष्य सहसा करीत नाही. पत्र पेटीत पडले की आपले काम झाले, असे तो मानतो. मोठ्या संस्थांतील संगणक एकमेकांशी जो व्यवहार करतात, त्याची रचना पुष्कळ अंशी ह्याच धर्तीची असते. बँकेतील एक संगणक ‘अमुक रक्कम तमुक खात्यात जमा करावी’ असा संदेश तयार करतो, तो एका रांगेत ठेवतो आणि लगेच पुढील कामास लागतो. पलीकडचा संगणक त्या क्षणी बंद असला तरी त्याला थांबावे लागत नाही. संदेश सुरक्षितपणे पलीकडे नेऊन पोचविण्याचे काम एका स्वतंत्र यंत्रणेकडे सोपविलेले असते.

ही यंत्रणा ज्या मार्गाने संदेश नेते, त्या मार्गास चॅनेल अथवा वाहिनी असे म्हणतात. वाहिनी बंद पडली तरी संदेश लिहिणाऱ्या संगणकास त्याचा पत्ता लागत नाही. तो रांगेत एकावर एक संदेश टाकीतच राहतो. लिहिणाऱ्याला वाट पाहावी लागू नये, हा ह्या व्यवस्थेचा मोठा गुण आहे. परंतु त्याच गुणामुळे बिघाड झाकलाही जातो. पैसे पाठविणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा होते, घेणाऱ्याच्या खात्यात ती जमा होत नाही, आणि दोघांनाही कारण कळत नाही. म्हणून वाहिन्यांवर कोणी तरी सतत लक्ष ठेवावे लागते. वाहिनीची अवस्था दर्शविणारा शब्द वाचणे सोपे आहे. त्या शब्दावर कितपत विसंबावे हे ठरविणे मात्र तितकेसे सोपे नाही. ह्या पुस्तिकेचा विषय तोच आहे.

रांग आणि वाहिनी

संदेशवहनाच्या व्यवस्था अनेक आहेत. विवेचन नेमके व्हावे म्हणून येथे त्यांपैकी एका सुपरिचित व्यवस्थेची उदाहरणे घेतली आहेत. आयबीएम कंपनीने ही व्यवस्था १९९३ साली ‘एमक्यूसिरीज’ ह्या नावाने प्रथम बाजारात आणली. २००२ साली तिला ‘वेबस्फिअर एमक्यू’ व २०१४ साली ‘आयबीएम एमक्यू’ असे नाव मिळाले.

ह्या व्यवस्थेत प्रत्येक ठिकाणी एक ‘रांग-व्यवस्थापक’ असतो. हा कोणी मनुष्य नसून रांगांची निगा राखणारा संगणकीय कार्यक्रम होय. दुसऱ्या ठिकाणी पाठवावयाचे संदेश प्रथम ‘प्रेषण-रांगे’त जमा होतात. वाहिनीच्या दोन्ही टोकांस एकेक प्रतिनिधी-कार्यक्रम असतो. पाठविणारा प्रतिनिधी प्रेषण-रांगेतून संदेश उचलतो व जाळ्यावरून पलीकडे धाडतो. घेणारा प्रतिनिधी ते स्वीकारून त्यांच्या नियोजित रांगेत ठेवतो. अशी वाहिनी एकमार्गी असते. उत्तरे परत यावयाची असल्यास उलट दिशेची दुसरी वाहिनी लागते.

संदेश सुटे सुटे न जाता खेपांनी जातात. वेगळी योजना केली नसेल तर एका खेपेत जास्तीत जास्त ५० संदेश असतात. रांग त्यापूर्वीच रिकामी झाली तर खेप तेथेच पुरी होते. खेप संपताच पाठविणारा पलीकडून पोच मागतो. पोच हाती आल्यावरच तो आपल्या रांगेतील मूळ संदेश कायमचे काढून टाकतो. शिवाय प्रत्येक संदेशास अनुक्रमांक असून दोन्ही टोके त्याची नोंद ठेवतात. नोंदणीकृत टपालातील पोचपावती व आवक-जावक वही ह्यांचेच हे संगणकीय रूप म्हणता येईल. मात्र जे संदेश हरवले तरी चालतील असे आधीच ठरविलेले असते, ते वेगासाठी ह्या बंधनातून मोकळे ठेवता येतात. पैशाच्या व्यवहाराचे संदेश अर्थातच ह्या वर्गात घालू नयेत.

अवस्थांची नावे

वाहिनीची स्थिती विचारण्यासाठी ‘डिस्प्ले सीएचस्टेटस’ ही आज्ञा दिली जाते. उत्तरात अवस्थेचे नाव येते. त्यांतील मुख्य नावे समजून घेऊ.

‘इनॅक्टिव्ह’ म्हणजे निष्क्रिय. अशा वाहिनीविषयी विचारले असता पुष्कळदा ‘स्थितीची नोंद सापडली नाही’ एवढेच उत्तर मिळते, आणि नवखा देखरेखदार ते वाचून घाबरतो. वास्तविक हा दोष नव्हे. बराच काळ संदेश आला नाही तर वाहिनी आपण होऊन विसावते. हा काळ मूळ योजनेत ६,००० सेकंदांचा, म्हणजे १ तास ४० मिनिटांचा आहे. प्रेषण-रांगेस तशी सूचना देऊन ठेवली असेल, तर नवा संदेश येताच वाहिनी पुन्हा सुरू होते.

‘स्टार्टिंग’, ‘बाइंडिंग’ आणि ‘इनिशियलायझिंग’ ह्या जोडणीच्या पायऱ्या आहेत. त्या क्षणभराच्या असाव्यात. वाहिनी तेथेच रेंगाळलेली दिसली, तर दोन टोकांमधील बोलणी अडली आहेत असे समजावे.

‘स्टॉप्ड’ म्हणजे थांबविलेली. ही अवस्था निष्क्रियतेहून मुळातच भिन्न आहे. निष्क्रिय वाहिनी नव्या संदेशाने जागी होते. थांबविलेली वाहिनी होत नाही. ती माणसाने आज्ञा देऊन सुरू करावी लागते. दुरुस्तीसाठी रात्री थांबविलेली वाहिनी सकाळी सुरू करण्याचे राहून गेले, तर रांग निमूटपणे वाढत राहते.

‘रिट्राइंग’ म्हणजे पुनःप्रयत्न करणारी. जोडणी तुटली असता वाहिनी स्वतःच ती पुन्हा साधू पाहते. मूळ योजनेनुसार प्रथम ६० सेकंदांच्या अंतराने १० प्रयत्न होतात. ते फसल्यास पुढील प्रयत्न १,२०० सेकंदांच्या, म्हणजे २० मिनिटांच्या अंतराने होतात, आणि त्यांची संख्या ९९,९९,९९,९९९ एवढी ठेवलेली असते. हिशेब केला तर हे प्रयत्न सुमारे ३८ हजार वर्षे चालतील! यंत्र हार मानीत नाही हे खरे; परंतु त्यामुळेच ‘आता माझ्याने होत नाही’ असेही ते कधी सांगत नाही. ते ओळखण्याचे काम माणसाचे आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाळे दुरुस्त झाले तरी पुढील प्रयत्नाची वेळ येईपर्यंत वाहिनी २० मिनिटांपर्यंत बंदच राहू शकते. देखरेखदाराने अशा वेळी तिला हाताने सुरू केल्यास हा खोळंबा वाचतो.

‘पॉज्ड’ ही अवस्था घेणाऱ्या टोकास आढळते. आलेला संदेश ज्या रांगेत ठेवावयाचा ती भरलेली असेल, तर घेणारा प्रतिनिधी थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतो. मूळ योजनेत एक सेकंदाच्या अंतराने असे १० प्रयत्न होतात. तरीही जागा न मिळाल्यास तो संदेश, तशी व्यवस्था केलेली असेल तर, ‘मृत-पत्र रांगे’त टाकला जातो. म्हणजे एका संदेशामागे सुमारे १० सेकंद गेले. अशा १०० संदेशांना १६ ते १७ मिनिटे लागतील, आणि तेवढा वेळ त्याच वाहिनीने येणारे इतर निर्दोष संदेशही अडकून पडतील.

‘रनिंग’ ह्या शब्दाचा अर्थ

आता सर्वांत आश्वासक वाटणारी ‘रनिंग’, म्हणजे चालू, ही अवस्था पाहू. ह्या शब्दाचा अर्थ एवढाच की, दोन्ही प्रतिनिधी कामावर आहेत व त्यांच्यातील जोडणी झालेली आहे. संदेश पुढे सरकत आहेत, असे तो सांगत नाही. रुळांवर गाडी उभी आहे आणि इंजिनात चालक आहे, एवढ्यावरून गाडी धावत आहे असे अनुमान काढता येत नाही.

गती ओळखण्यासाठी निराळे आकडे पाहावे लागतात. वाहिनीने किती संदेश नेले, शेवटचा संदेश किती वाजता गेला आणि चालू अनुक्रमांक कोणता आहे, हे त्याच आज्ञेने कळते. प्रेषण-रांगेत किती संदेश उभे आहेत, हे रांगेस विचारावे. थोड्या अंतराने हीच पाहणी पुन्हा करावी. अनुक्रमांक वाढला नाही आणि रांग मात्र वाढली, तर अवस्थेचा शब्द काहीही असो, संदेश अडलेले आहेत.

येथेही एक अपवाद आहे. संदेश लिहिणाऱ्या कार्यक्रमाने तो रांगेत ठेवून व्यवहार अद्याप पक्का केलेला नसेल, तर असा संदेश मोजणीत दिसतो. पण वाहिनीस तो उचलण्याचा अधिकार नसतो. तेव्हा वाहिनी ‘रनिंग’ असते, तिची उपअवस्था ‘संदेशाची वाट पाहत आहे’ अशी असते, आणि रांगेत मात्र संदेश उभे दिसतात. दोष वाहिनीचा नसून लिहिणाऱ्या कार्यक्रमाचा असतो. रांगेत अपक्व संदेश आहेत काय, असा प्रश्न रांगेच्या स्थितीस विचारता येतो. तो विचारल्यावाचून वाहिनी बंद-चालू करणे व्यर्थ होय.

मापनाची सोय सुरू केली असल्यास आणखी दोन आकडे मिळतात. पहिला आकडा संदेश प्रेषण-रांगेत किती वेळ थांबले त्याचा आणि दुसरा जाळ्यावर लागलेल्या वेळेचा. दोन्ही मायक्रोसेकंदांत असतात, व प्रत्येकाची अलीकडची सरासरी आणि दीर्घ काळाची सरासरी अशा दोन किमती दिलेल्या असतात. अलीकडची किंमत दीर्घ काळाच्या किमतीपेक्षा बरीच वाढली, तर अडथळा निर्माण होऊ लागला आहे हे आधीच कळते. मात्र रांगेतील प्रतीक्षेचा आकडा उचलल्या गेलेल्या संदेशांवरून काढलेला असतो. वाहतूक पूर्ण थांबली तर तो जुनाच, निर्दोष दिसणारा आकडा तसाच राहतो. अशा वेळी रांगेतील सर्वांत जुन्या संदेशाचे वय पाहणे हाच खरा उपाय.

दोन टोकांची साक्ष

वाहिनीस दोन टोके आहेत, आणि त्यांची साक्ष नेहमी जुळतेच असे नाही. वाहतूक नसते तेव्हा पाठविणारे टोक ठरावीक अवधीने, मूळ योजनेत ३०० सेकंदांनी, एक छोटासा संकेत पाठवून ‘मी आहे’ असे कळविते. जाळे मध्येच निःशब्दपणे तुटले, तर घेणाऱ्या टोकास तो संकेत चुकल्याचे कळेपर्यंत काही मिनिटे जातात. तोपर्यंत एक टोक ‘रनिंग’ म्हणते आणि दुसरे ‘रिट्राइंग’. केवळ पहिल्याचे ऐकणाऱ्यास सर्व काही ठीक आहे असे वाटेल.

ह्याहून नाजूक प्रसंग ‘संदिग्ध’ खेपेचा. पाठविणाऱ्याने खेप धाडली, पोच मागितली, आणि पोच येण्यापूर्वी जोडणी तुटली. पलीकडे संदेश पक्के झाले की नाही, हे त्याला कळत नाही. तोवर तो ते संदेश काढूनही टाकीत नाही आणि पुन्हा पाठवीतही नाही. बहुधा जोडणी पूर्ववत होताच दोन्ही टोके आपापल्या नोंदी ताडून हा संशय स्वतःच दूर करतात. म्हणून देखरेखदाराने घाई करू नये. पलीकडचे टोक परत येण्याची आशाच नसेल, तेव्हाच निर्णय हाताने घ्यावा. तो घेण्यापूर्वी पाठविणाऱ्याची संदिग्ध खेप-खूण आणि घेणाऱ्याने शेवटी पक्की केलेली खेप-खूण ताडून पाहावी. त्या एकच असतील तर संदेश पोचलेले आहेत. पाठविणाऱ्याने आपल्या प्रती काढून टाकाव्यात. भिन्न असतील तर ते पोचलेले नाहीत. ते रांगेत परत ठेवावेत. हा निर्णय अंदाजाने घेतल्यास एक तर पन्नास देणी नाहीशी होतील, नाही तर पन्नास देणी दोनदा चुकती होतील.

अनुक्रमांकांचेही असेच आहे. एक टोक जुन्या प्रतीवरून पुन्हा उभारले गेले, तर दोन्ही वह्यांतील क्रमांक जुळत नाहीत व वाहिनी सुरू होण्यास नकार देते. क्रमांक एका आज्ञेने जुळविता येतात. परंतु फरक का पडला व मधले संदेश कोठे गेले, हे शोधल्यावाचून तसे करणे म्हणजे हिशेब न तपासता वहीवर सही करण्यासारखे आहे.

देखरेखीची रीत

ह्या विवेचनावरून देखरेखीचे काही साधे नियम निघतात. केवळ अवस्थेच्या नावावर इशारा देऊ नये. नाव, रांगेची लांबी व अनुक्रमांकाची चाल ही तिन्ही एकत्र वाचावीत. निष्क्रिय वाहिनी आणि रिकामी रांग ही विश्रांती होय. निष्क्रिय वाहिनी आणि भरती रांग हा दोष होय. एकाच पाहणीवरून निष्कर्ष काढू नये. शक्य तेथे दोन्ही टोके पाहावीत. वाहिनी सुरू झाल्याची वा थांबल्याची वर्दी रांग-व्यवस्थापक एका खास रांगेत टाकू शकतो. ती वर्दी अवश्य घ्यावी, परंतु ठरावीक वेळेची फेरी सोडू नये. कारण जी वाहिनी चालू राहूनच अडते, तिची वर्दी येत नाही. मृत-पत्र रांगही रोज उघडून पाहावी. तेथे पडलेला प्रत्येक संदेश हे कोणाचे तरी न पोचलेले काम असते.

पूर्वी कचेऱ्या बंद झाल्यावर रात्री अशी तपासणी करण्यास निवांत वेळ मिळत असे. आता तसा वेळ उरलेला नाही. भारतात ‘एनईएफटी’ ही निधी-हस्तांतर व्यवस्था १६ डिसेंबर २०१९ पासून आणि ‘आरटीजीएस’ ही व्यवस्था १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू आहे. मध्यरात्री रुग्णालयाची अनामत भरणारा नातेवाईक आपला संदेश कोणत्या रांगेत उभा आहे हे जाणत नाही, आणि त्याने ते जाणावे अशी अपेक्षाही नाही. त्याच्या वतीने ते जाणणे हे देखरेखदाराचे काम आहे, आणि पडद्यावरील ‘रनिंग’ हा शब्द वाचून ते पुरे होत नाही. संदेश खरोखर पुढे सरकला की नाही, एवढे त्याने प्रत्येक फेरीत पाहिलेच पाहिजे.