कांसवाचें वर्ष व तिजोरीचें वर्ष

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, बाणकोटच्या खाडीजवळ, मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचें एक लहानसें गांव आहे. आमच्या बहुतेक वाचकांस हें नांव नाना फडणविसांमुळें ठाऊक असेल. भानूंचें मूळ गांव तें हेंच. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या गांवाची कीर्ति अगदीं निराळ्याच कारणानें पसरली आहे. फाल्गुन-चैत्रांत पुण्यामुंबईचीं कुटुंबें मुलाबाळांसह येथें येतात, कोणाच्या तरी पडवींत पथारी टाकतात, यजमानांच्या पंगतीस बसून आमटी-भात व सोलकढी जेवतात, आणि पहाटे उठून किनाऱ्यावर जातात. तेथें जाळीचें कुंपण घातलेल्या जागेंत वाळूवर टोपल्या उपड्या घातलेल्या असतात. टोपली उचलली कीं, दैव असल्यास, तळहातावर मावतील एवढालीं कांसवाचीं काळीं पिलें वळवळतांना दिसतात.

पहिल्या खेपेस आमच्या नशिबीं रिकामी टोपलीच आली. दोन दिवस पहाटे उठलों, संध्याकाळींही खेप घातली, पण पिलूं म्हणून दिसलें नाहीं. बरोबरचीं मुलें हिरमुसलीं तेव्हां आमच्या यजमानीणबाई त्यांची समजूत घालतांना म्हणाल्या, "अरे बाळांनो, त्यांचें पंचांग निराळें. आपल्या सुटीवर तीं थोडींच येणार!" दुसऱ्या खेपेस पिलें दिसलीं, पण आमच्या मनांत राहिलें तें बाईंचें हें वाक्य, व आजच्या लेखाचें निमित्तही तेंच. कारण आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें त्या रम्य देखाव्याविषयीं नव्हे, तर समुद्राच्या व त्यांतील जीवांच्या रक्षणासाठीं जें संशोधन चालतें त्याला लागणाऱ्या सरकारी पैशाविषयीं. विषय रुक्ष वाटेल, परंतु वाचकांनीं थोडा धीर धरावा.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्रीं किनाऱ्यावर येते, सुमारें दीड फूट खोल खळगा उकरते, त्यांत शंभर-सव्वाशें अंडीं घालते, वाळू सारखी करते आणि मागें न पाहतां निघून जाते. पुढें पंचेचाळीस ते साठ दिवस त्या अंड्यांची आई म्हणजे वाळूच. पिलूं नर निपजणार कीं मादी, हेंसुद्धां वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असतें. वाळू जास्त तापली कीं माद्या अधिक होतात. ऊन वाढत चाललेल्या आजच्या काळांत हा केवळ कुतूहलाचा प्रश्न राहिलेला नाहीं. हजार पिलांतून एखादेंच मोठें होतें असें शास्त्रज्ञ मानतात, आणि त्यालाही वयांत येण्यास दहा-पंधरा वर्षें लागतात.

आपल्याकडे कूर्म हा विष्णूचा दुसरा अवतार. देवळांत शिरतांना सभामंडपांतील दगडी कांसवास आपण हात लावून नमस्कार करतों. त्याच कोंकणच्या किनाऱ्यावर खऱ्या कांसवाचीं अंडीं मात्र उकरून खाल्लीं जात व विकलीं जात. माणसांपासून वांचलीं तर कुत्रीं व कोल्हीं होतींच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या प्राण्यास संरक्षण दिलें, पण कायदा रात्रीं किनाऱ्यावर राखणीस बसत नाहीं. तें काम २००२ पासून वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्रि निसर्ग मित्र' या संस्थेनें, श्री. भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, गांवकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केलें. पुढें वनखातें त्यांत आलें. २०१२ सालीं महाराष्ट्र सरकारनें कांदळवनांसाठीं वेगळा कक्ष काढला, आणि २०१५ सालीं त्याच्या जोडीस कांदळवन व सागरी जैवविविधता संवर्धन प्रतिष्ठान स्थापन केलें.

पण अंडीं राखणें निराळें आणि कांसव समजणें निराळें. मादी वाळूवर येते ती तासाभरापुरती. तिचें बाकीचें सारें आयुष्य पाण्यांत जातें. तेथें ती कोठें फिरते, काय खाते, कोणत्या जाळ्यांत सांपडते, हें ठाऊक नसेल तर वाळूवरील सगळी राखण अर्धवटच म्हणावयाची. घरीं मुलाला दुधातुपावर वाढवावें आणि तो उंबऱ्याबाहेर कोणत्या वाटेनें जातो याची चौकशीच करूं नये, तसा तो प्रकार! ही चौकशी गांवच्या वर्गणींतून होण्यासारखी नाहीं. तिला उपग्रह लागतो, नौका लागते, वर्षानुवर्षें पगार घेऊन नोंदी करणारीं माणसें लागतात, आणि तिच्यांतून कोणा व्यापाऱ्यास नफा मिळावयाचा नसतो. म्हणून ती सरकारलाच करावी लागते.

२०२२ च्या सुरुवातीस ती झाली. कांदळवन प्रतिष्ठानच्या साहाय्यानें डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं कोंकणांत पांच माद्यांच्या पाठीवर प्रक्षेपक यंत्रें चिकटविलीं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेच्या बाबतींत असें प्रथमच घडत होतें, म्हणून वेळासच्या पहिल्या मादीचें नांव 'प्रथमा' ठेवलें. बाकीच्या सावनी, वनश्री, रेवा व लक्ष्मी. कांसव श्वास घेण्यास वर आलें कीं यंत्राचा संदेश उपग्रहाकडे जावयाचा आणि त्यावरून तिचा ठावठिकाणा नकाशावर उमटावयाचा, अशी योजना. कोणी उत्तरेस गुजराथच्या बाजूस गेली, कोणी दक्षिणेस वळली. शाळेंतील मुलें रोज नकाशा पाहूं लागलीं. आणि मग कांहीं महिन्यांतच एकामागून एक यंत्रें मुकीं झालीं.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त हिशेबतपासनीस आहेत. त्यांस ही हकीकत सांगतांच ते हंसून म्हणाले, "म्हणजे पैसे पाण्यांत गेले कीं हो!" विनोद चांगला होता, आणि त्या क्षणीं आम्हांसही चटकन उत्तर सुचलें नाहीं.

उत्तर पुढें कांसवांनींच दिलें. फेब्रुवारी २०२३ मध्यें गुहागर येथें आणखी दोन माद्यांस यंत्रें बसविलीं, 'बागेश्री' व 'गुहा'. पैकीं बागेश्री दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागराकडे गेली. कोंकणांत अंडीं घालणारी मादी पूर्वसमुद्रांत जाऊं शकते हें त्यावरून दिसलें. मग तिकडची इकडे येत असेल काय? ओरिसांतील गहिरमाथा, जेथें लाखों कांसवें एकाच वेळीं अंडीं घालण्यास येतात व ज्याची शास्त्रीय जगास १९७४ सालीं ओळख झाली, तेथील कांसवें वेगळीं व आमचीं वेगळीं, अशीच सर्वसाधारण समजूत होती. २७ जानेवारी २०२५ रोजीं गुहागरच्या वाळूवर एक मादी अंडीं घालण्यास आली. तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची एक लहान पट्टी होती आणि तीवर अंक होता ०३२३३. पट्टी कोणाची याचा शोध घेतां कळलें, कीं भारतीय प्राणि-सर्वेक्षण विभागानें १८ मार्च २०२१ रोजीं गहिरमाथा येथें ती बसविली होती! सुमारें साडेतीन हजार किलोमीटरांचा प्रवास. तिच्या अंड्यांतून शंभराहून अधिक पिलें निघून समुद्रांत गेलीं.

या पट्टींत ना बॅटरी, ना यंत्र. परंतु ओरिसांत असें चिन्हांकन मध्यंतरीं कित्येक वर्षें बंद पडलें होतें. तें २०२१ मध्यें पुन्हां सुरू झालें आणि त्या विभागानें तीन-चार वर्षांत सुमारें बारा हजार कांसवांस पट्ट्या लावल्या. त्यांतली एक गुहागरला आली. रात्रीं ओल्या वाळूंत गुडघे टेंकून एकेक पट्टी लावणाऱ्यांस त्या वेळीं कोणी 'याचा उपयोग काय?' म्हणून विचारलें असतें, तर त्यांच्यापाशीं दाखविण्याजोगें काय होतें? आम्हीं ही हकीकत हिशेबतपासनीसांस कळविली आहे.

आतां यजमानीणबाईंच्या पंचांगाकडे वळूं. किनाऱ्यावरील एका विद्यार्थिनीची व आमची ओळख झाली. वाळूच्या उष्णतेचा घरट्यांतील पिलांवर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. तीन वर्षांचें सरकारी अनुदान मंजूर झालेलें. खात्याचें नांव आम्ही लिहीत नाहीं. कांसवाचें वर्ष कार्तिक-मार्गशीर्षांत सुरू होतें आणि शेवटचीं पिलें वैशाखांत बाहेर पडतात. सरकारचें वर्ष एक एप्रिलला सुरू होऊन एकतीस मार्चला संपतें. म्हणजे घरटीं ऐन भरांत असतात नेमक्या त्याच वेळीं तिजोरीचें दार लागतें. पहिल्या वर्षीं तिचा हप्ता फेब्रुवारीच्या मध्यास हातीं पडला, तोही मार्चअखेर खर्च करावा अशा अटीवर. मग खर्चाचें प्रमाणपत्र, मग तपासणी, मग शेरे, मग शेऱ्यांस उत्तरें. दुसरा हप्ता आला तेव्हां दुसऱ्या हंगामाचे पहिले सहा आठवडे उलटून गेले होते. मदतनीस मुलांची मजुरी तिच्या वडिलांनीं आपल्या निवृत्तिवेतनांतून दिली. हिशेब पैन्‌पै जुळला आहे. नोंदवहींत मात्र दोन्ही वर्षांचीं सुरुवातीचीं पानें कोरीं आहेत, आणि थंड वाळूंतील घरटीं तीं नेमकीं त्याच दिवसांतलीं.

सरकारनें हिशेब मागूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पैसा लोकांचा आहे, त्याचा दाखला दिलाच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच, कीं शेतकऱ्याचें कर्ज जर खरीप व रब्बी पाहून देतां येतें, तर समुद्राच्या अभ्यासाचा पैसा समुद्राचा हंगाम पाहून कां देतां येऊं नये? ज्या जीवाला वयांत येण्यास पंधरा वर्षें लागतात, त्याचा अभ्यास तीन वर्षांत पुरा करून मागणें हें मुंजीच्या दिवशींच बटूची वेदपरीक्षा घेण्यासारखें आहे.

इतर देशांनीं या बाबतींत काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत १८६२ च्या कायद्यानें शेतकीच्या शिक्षणासाठीं प्रांतांस सरकारी जमिनी मिळाल्या व त्यांवर विद्यापीठें उभीं राहिलीं. १९६३ सालीं ॲथेलस्टन स्पिलहाउस या विद्वानानें सुचविलें, कीं जमिनीसाठीं केलें तें समुद्रासाठीं कां करूं नये? हे गृहस्थ मिनेसोटांत अध्यापक, म्हणजे समुद्रापासून शेंकडों कोस दूर. तरी सुचलें त्यांसच! सिनेटर क्लेबोर्न पेल यांनीं ती कल्पना उचलली व १९६६ सालीं तिचा कायदा झाला. त्यांत मध्यवर्ती सरकारनें दोन डॉलर द्यावे तर स्थानिकांनीं एक घालावा, अशी वांटणी आहे. आणि केवळ प्रयोगशाळेस पैसा देऊन ते थांबले नाहींत. मच्छीमारांच्या धक्क्यावर जाऊन बोलणारीं, त्यांचें ऐकणारीं माणसेंही त्याच पैशांतून नेमलीं. २०१७ पासून ही योजनाच अंदाजपत्रकांतून काढून टाकण्याच्या सूचना तेथेंही एकाहून अधिक वेळां आल्या. तथापि कायदेमंडळानें पैसा देणें चालू ठेवलें.

धक्क्यावरच्या माणसाचें महत्त्व आपल्या सरकारासही कळतें, याचा एक दाखला देण्याजोगा आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रांत अशी योजना आहे, कीं कांसव, देवमासा-मुशी, डॉल्फिन यांसारखा संरक्षित जीव जाळ्यांत सांपडला आणि कोळ्यानें जाळें कापून तो सोडला, तर फाटल्या जाळ्याबद्दल त्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठीं सोडतांनाचें छायाचित्र द्यावें लागतें. हेतु दयेचा, परंतु त्यांतून आपोआप एक फायदा झाला. कोणता जीव, कोणत्या बंदराजवळ, कोणत्या महिन्यांत, कसल्या जाळ्यांत सांपडला, याच्या नोंदी जमूं लागल्या. आमच्या मतें थोड्या खर्चांत झालेलें हें उत्तम संशोधन आहे, जरी कागदोपत्रीं त्याला संशोधन म्हणत नाहींत.

त्या विद्यार्थिनीचें हें तिसरें वर्ष. परवां तिचें पत्र आलें. यंदा मदतनिसांचे पैसे वेळेवर मिळाले, आणि पहिल्या घरट्यापासून नोंद झाली आहे. तिचें अनुदान मार्चअखेर संपतें. वाळूंत पुरलेलीं तिचीं उष्णतामापकें मात्र मे महिन्यापर्यंत तेथेंच राहावयाचीं आहेत, आणि तीं कोणी वाचावयाचीं याविषयीं खात्याशीं तिचा पत्रव्यवहार चालू आहे.