तलवारीचे भय आणि टाचेचे दुखणे

काही महिन्यांपूर्वी एक आई आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलगा तलवारबाजी शिकत होता. "डॉक्टर, तलवार डोळ्यात गेली तर?" हा त्यांचा पहिलाच प्रश्न. मुलगा मात्र तपासणीच्या टेबलापर्यंत लंगडत आला. विचारल्यावर कळले की, तीन आठवडे त्याची उजवी टाच दुखत होती. निवड चाचणी जवळ आल्यामुळे त्याने घरी अवाक्षर काढले नव्हते.

आईची भीती निराधार नव्हती. १९८२ साली रोमच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सोव्हिएत संघाचा ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह याच्या मुखकवचातून प्रतिस्पर्ध्याचे तुटलेले पाते डोळ्यावाटे मेंदूत शिरले आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. या दुर्घटनेने सारे क्रीडाविश्व हादरले. पुढे सहज न तुटणाऱ्या मॅरेजिंग पोलादाची पाती आली, मुखकवचे अधिक मजबूत झाली. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पोशाखाला ८०० न्यूटन, तर मुखकवचाच्या गळपट्टीला १६०० न्यूटन बल सोसण्याची अट आहे.

मग आज हे खेळाडू जायबंदी होतात ते कशाने? अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांची २००१ ते २००६ या काळात पाच वर्षे नोंद ठेवण्यात आली. ७८,२२३ स्पर्धकांपैकी सामना सोडावा लागेल अशा दुखापती फक्त १८४ झाल्या. त्यांत गुडघा, मांडी आणि घोटा यांचा वाटा सर्वाधिक होता. लचक व स्नायू ताणले जाणे हेच मुख्य प्रकार होते. पाते शरीरात घुसल्याच्या जखमा अत्यल्प होत्या. फॉइल व एपे यांच्या तुलनेत सेबर या वेगवान प्रकारात धोका अधिक आढळला.

कारण या खेळाच्या रचनेतच आहे. तलवारबाज एकाच अंगाने उभा राहतो. 'लंज' घेताना मागचा पाय शरीराला पुढे लोटतो आणि पुढची टाच जमिनीवर आदळते. पुढचा गुडघा व मांडी तो भार थोपवतात. मागच्या पायाच्या पोटरीवर आणि अकिलीस कंडरेवर ताण येतो. वर्षानुवर्षे हजारो वेळा हीच हालचाल झाली की, दोन्ही पायांच्या ताकदीत तफावत पडते. हातात शस्त्र घट्ट धरल्याने मनगट, कोपर आणि खांदाही कुरकुरू लागतात.

प्रौढ खेळाडूचा स्नायू वा कंडरा दुखावते, तर वाढत्या मुलाच्या हाडाचा वाढ होणारा भाग. कंडरा जिथे हाडाला जुळते, तिथले कूर्चायुक्त वाढकेंद्र हा त्याचा दुबळा बिंदू. टाचेत त्याला सेव्हर्स डिसीज म्हणतात, गुडघ्याखाली ऑसगुड-श्लाटर. टाच दोन्ही बाजूंनी दाबली असता मुलगा कळवळतो. बहुधा एवढ्यावर निदान होते. या मुलाचेही तसेच झाले. तो उजवा खेळाडू, म्हणून पुढची टाच उजवी.

भवानी देवी २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर खेळली. ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. तिच्यामुळे हा खेळ आपल्या घरांतही परिचित झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. मुलांना जरूर खेळू द्यावे. मात्र मुखकवचाइतकेच लक्ष पायांकडे द्यावे : टाचेला आधार देणारे बूट, पोटरीचे ताण, दोन्ही पायांचा समान व्यायाम, आठवड्यात विश्रांतीचे दिवस. लंगडणाऱ्या मुलाला सरावाला पाठवू नये. आणि आपण वैद्यकांनी "वाढीचे दुखणे आहे, होईल बरे" असे म्हणून त्याची बोळवण करू नये.

त्या मुलाची निवड चाचणी हुकली. तो माझ्यावर रुसलाही. सहा आठवड्यांनी टाच शांत झाल्यावर तो पुन्हा सरावाला लागला. मागच्या भेटीत आईंनी तलवारीविषयी काही विचारले नाही. त्यांनी त्याचे नवे बूट दाखवले.