169 की 337?

तुलनेच्या अहवालात एकच ओळ उरली होती. बाकी सगळ्या पेशंटचे आकडे जुळले होते, या एकाचा जुळत नव्हता. एका प्रोग्रामरने त्याच्यापुढे 169 दिवस लिहिले होते, दुसरीने 337.

पुण्यात खराडी-हिंजवडीच्या बाजूला जगभरच्या औषधचाचण्यांची आकडेमोड करणारी कार्यालयं आहेत. तिथला शिरस्ता असा, की महत्त्वाचा आकडा दोघांनी वेगवेगळा काढायचा. एकमेकांचा प्रोग्राम पाहायचा नाही. शेवटी संगणकाकडून दोन्ही फाइली ताडून घ्यायच्या आणि फरक शून्य आला तरच पुढे जायचं. त्या दुपारी फरक एक आला, तशा चाचणीचं सांख्यिकी पाहणाऱ्या मॅडम खुर्ची ओढून दोघांच्या मधे येऊन बसल्या.

"मॅडम, हा पेशंट सेन्सर करायचा की इव्हेंट धरायचा?" मुलाने विचारलं.

"आधी स्कॅनच्या तारखा काढ," त्या म्हणाल्या.

कर्करोगावरच्या औषधांच्या चाचण्यांत ज्याला पीएफएस म्हणतात, म्हणजे प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल, त्याचा हा हिशेब होता. पेशंट चाचणीत आला आणि त्याला कुठलं औषध द्यायचं याची सोडत निघाली त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करायची. आजार वाढल्याचं दिसेल किंवा मृत्यू होईल, यांतलं जे आधी घडेल तिथे थांबायचं. मधला काळ म्हणजे पीएफएस. व्याख्या दोन ओळींत संपते. आजार वाढला तो नेमका कुठल्या दिवशी, हे ठरवण्यात मात्र अख्खी दुपार जाते.

पडद्यावर त्या पेशंटच्या गाठींची मापं उघडली. नाव नाही, गाव नाही, फक्त क्रमांक. सुरुवातीला निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज 84 मिलिमीटर. आठव्या आठवड्यात 58. सोळाव्यात 52. चोविसाव्यात 60.

"वाढला की इथेच," मुलगा म्हणाला.

"टक्के काढ."

52 वरून 60 म्हणजे पंधरा टक्क्यांच्या जरा वर. आजार वाढला असं म्हणायला तेवढी वाढ पुरत नाही. हा नियम रेसिस्ट नावाच्या निकषांचा. ते 2000 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाले आणि 2009 मध्ये सुधारले गेले. जास्तीत जास्त पाच गाठी मोजायच्या, एका अवयवातल्या दोनच. बेरीज आतापर्यंतच्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा निदान 20 टक्के वाढली पाहिजे आणि शिवाय निदान 5 मिलिमीटर वाढली पाहिजे. दुसरी अट छोट्या गाठींसाठी आहे. 11 मिलिमीटरची गाठ 14 झाली तर टक्केवारीत ती मोठी उडी दिसते, पण तीन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडू शकतो. नवी गाठ दिसली तर मात्र टक्केवारी काढत बसायचं नाही, आजार वाढलाच.

या पेशंटसाठी रेघ होती 62.4 मिलिमीटरवर. 60 तिच्या खाली. म्हणजे चोविसाव्या आठवड्यात आजार स्थिर.

पुढचं स्कॅन बत्तिसाव्या आठवड्यात व्हायला हवं होतं. झालं नाही. चाळिसाव्यातलंही नाही. केंद्राने शेरा मारला होता: पेशंट गावी गेला आहे. अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यात तो परत आला तेव्हा बेरीज 66 होती.

आता दोन आकड्यांचा उलगडा झाला. मुलीने अठ्ठेचाळिसावा आठवडा धरला होता, म्हणजे दिवस 337, आणि इव्हेंट. मुलाने शेवटचं धड स्कॅन धरलं होतं, चोविसाव्या आठवड्यातलं, म्हणजे दिवस 169, आणि पेशंट सेन्सर केला होता. चित्रपटांच्या सेन्सॉरशी या शब्दाचा काही संबंध नाही. इथे सेन्सर करणं म्हणजे एवढंच सांगणं, की इतक्या दिवसांपर्यंत आजार वाढला नव्हता हे नक्की, पुढचं आमच्या हिशेबात नाही. महिन्यांत सांगायचं तर एकाच माणसाचे 5.6 किंवा 11.1.

चूक दोघांचीही नव्हती. अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शनात असा नियम सापडतो, की लागोपाठ एकाहून जास्त तपासण्या हुकल्यावर आजार वाढलेला दिसला तर शेवटच्या धड तपासणीच्या तारखेला सेन्सर करावं. मधल्या काळात काय घडलं ते कोणी पाहिलेलंच नाही, हे त्यामागचं कारण. युरोपच्या औषध नियामकांचा कल दुसरीकडे आहे: आजार वाढला हे दिसलंय ना, मग तपासण्या हुकल्या असल्या तरी तो इव्हेंट मोजा. पहिल्या वाटेने गेलं तर घडलेली गोष्ट हिशेबातून गळते. दुसऱ्या वाटेने गेलं तर आजार आधीच वाढलेला असूनही पेशंटच्या पदरात मधले महिने पडतात.

खरी तारीख दोन्हींत नाही. ती चोविसाव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यांच्या मधे कुठेतरी पडली आहे. तशी ती प्रत्येकच पेशंटची दोन स्कॅनच्या मधे पडलेली असते, कारण गाठ वाढताना कोणी पाहत नाही, वाढलेली दिसते ती ठरल्या दिवशी. म्हणून दोन्ही गटांची स्कॅन एकाच वेळापत्रकाने व्हावी लागतात. एका गटाला आठ आठवड्यांनी बोलावलं आणि दुसऱ्याला बारा, तर औषधात काही दम नसला तरी दुसऱ्या गटाचा आजार उशिरा वाढल्यासारखा दिसेल. फिल्म वाचणाऱ्याच्या मनातही झुकाव असू शकतो. त्यामुळे मोठ्या चाचण्यांत बऱ्याचदा त्याच फिल्म दूर बसलेल्या, पेशंट कुठल्या गटात आहे हे माहीत नसलेल्या रेडिओलॉजिस्टकडूनही वाचून घेतात.

या तारखांपासून पुढे आलेख बनतो. त्याची रीत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी 1958 मध्ये मांडली. कॅप्लन बेल टेलिफोन लॅबोरेटरीत असताना टेलिफोनच्या यंत्रणेतल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात ते पाहत होते. मायर यांच्यापुढे पेशंट होते. दोघांनी आपापले लेख एकाच नियतकालिकाला धाडले आणि संपादकांनी दोन्ही मिळून एक करायला सांगितलं.

ती रीत कागदावरही जमते. दहा पेशंट घ्या. दुसऱ्या महिन्यात एकाचा आजार वाढला, रेघ 90 टक्क्यांवर आली. चौथ्या महिन्यात नवांतल्या एकाचा वाढला, रेघ 80 वर. पाचव्या महिन्यात एक जण सेन्सर झाला. रेघ हलत नाही, पण मागे आता सातच जण उरले. सहाव्या महिन्यात त्या सातांतल्या एकाचा आजार वाढला की 80 चे सहा सप्तमांश, म्हणजे 68.6. आठव्यात उरलेल्या सहांपैकी दोघांचा वाढला, रेघ 45.7 वर. पन्नासच्या खाली ती पहिल्यांदा गेली आठव्या महिन्यात, म्हणून मीडियन पीएफएस आठ महिने. सेन्सर झालेला माणूस रेघ खाली ओढत नाही, पण त्याच्या मागे प्रत्येक पायरी जरा उंच होते. या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे: निघून गेलेल्याचा धोका राहिलेल्यांइतकाच होता. तो तब्येत खालावली म्हणून यायचा थांबला असेल, तर हे गृहीतक तिथेच कोसळतं.

परळच्या टाटा मेमोरियलमधल्या एका चाचणीत या आलेखाचं बळ दिसतं. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या 350 पेशंटना 2016 ते 2018 दरम्यान दोन गटांत विभागलं. एका गटाला नुसती जेफिटिनिबची गोळी, दुसऱ्याला गोळीसोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिनची केमोथेरपी. डॉ. वनिता नरोन्हा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत मीडियन पीएफएस 8 महिन्यांवरून 16 वर गेला. हॅझार्ड रेशो 0.51, म्हणजे कुठल्याही टप्प्यावर आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका जवळपास निम्मा. एकूण आयुष्यही वाढलं. त्याची किंमतही त्याच लेखात नोंदलेली आहे: गंभीर दुष्परिणाम नुसत्या गोळीच्या गटात 25 टक्के पेशंटना, दोन्ही घेणाऱ्यांत 51 टक्क्यांना.

आलेख नेहमी इतका सरळ बोलत नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपास चाचणीत पूर्व आशियातले 1217 पेशंट होते. जेफिटिनिबचा मीडियन 5.7 महिने, केमोथेरपीचा 5.8. दोन्ही सारखेच वाटतात. पण आलेखात सुरुवातीला केमोथेरपीची रेघ वर होती, सहाव्या महिन्याच्या आसपास दोन्ही एकमेकींना छेदून गेल्या, आणि वर्षअखेर आजार न वाढलेले जेफिटिनिबच्या गटात 24.9 टक्के उरले, केमोथेरपीच्या गटात 6.7. एका आकड्यात दोन वेगळी माणसं एकत्र झाली होती. ज्यांची जनुकतपासणी हाती होती त्यांना वेगळं काढलं, तेव्हा ईजीएफआर बदल असलेल्यांत जेफिटिनिबचा हॅझार्ड रेशो 0.48 आला आणि बदल नसलेल्यांत 2.85. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याचं नुकसान करत होती, आणि सरासरीत दोघंही दिसेनासे झाले होते.

बेव्हासिझुमॅबची गोष्ट याहून कठीण. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात पॅक्लिटॅक्सेलला त्याची जोड दिल्यावर मीडियन पीएफएस 5.9 महिन्यांवरून 11.8 झाला. 2008 मध्ये अमेरिकेत त्याला त्वरित मान्यता मिळाली. पण त्या चाचणीत एकूण आयुष्य फारसं हललं नव्हतं, नंतरच्या चाचण्यांत पीएफएसचा फायदाही आटला, आणि 2011 च्या नोव्हेंबरमध्ये एफडीएने स्तनाच्या कर्करोगासाठीची मान्यता काढून घेतली. गाठ थांबलेल्या महिन्यांचं मोल पेशंटला असतंच. पण ते महिने आयुष्यात मिळवले गेले की नाही, हे पीएफएस एकटा सांगू शकत नाही.

खराडीतल्या त्या टेबलावर मॅडमनी तिसरी फाइल उघडली: विश्लेषणाचा आराखडा, निकाल उघडण्याच्या कितीतरी आधी सह्या झालेला. हुकलेल्या तपासण्यांचा नियम त्यात होता. मुख्य विश्लेषणात सेन्सर. त्याच्या जोडीला दुसरा हिशेब, ज्यात असे सगळे पेशंट इव्हेंट धरायचे. दोन्ही निकाल अहवालात शेजारी-शेजारी छापायचे.

"म्हणजे माझं चुकलं," मुलगी म्हणाली.

"तुझा आकडा दुसऱ्या तक्त्यात लागणार आहे. प्रोग्राम ठेव, पुसू नकोस."

तिने नियम बदलून पुन्हा चालवलं. पडद्यावर उत्तर आलं: एकही फरक नाही. मुलाने नोंदवहीत पेशंटचा क्रमांक, कारण आणि आराखड्यातलं कलम लिहिलं. त्या पेशंटच्या ओळीत औषधाचा रकाना भरलेला होता, पण तो संकेत खोटा होता, फक्त प्रोग्राम तपासण्यासाठी घातलेला. खरी यादी कुलूपबंद होती. 169 मुळे नव्या औषधाचं पारडं जड झालं की हलकं, हे त्या तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमनी खुर्ची मागे सारली आणि मुलीने दुसऱ्या तक्त्याची फाइल उघडली.