होडी विकत न घेताही पाण्यावर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्याचं नाव निघालं की दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड एवढंच आठवणाऱ्यांना इथे कुणाला होडीची हौस असेल हे पटत नाही. पण सिंदफणेवरचं माजलगाव धरण पावसाळ्यानंतर भरलेलं बघा. काठावर उभ्या माणसाला त्या पाण्यात जावंसं वाटलं नाही तरच नवल. अशी हौस असलेले पुष्कळजण थेट बोटींच्या किमती विचारायला लागतात. माझं मत स्पष्ट आहे: बीडमध्ये राहणाऱ्यानं करमणुकीसाठी बोट विकत घेऊ नये आणि पाण्याची हौसही सोडू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत असं वाटतं, त्याला काही गैरसमज कारण आहेत.

गैरसमज: बोट स्वतःची घेतली की पैसे वाया जात नाहीत, भाड्यात मात्र वाया जातात

बोट ही जमीन किंवा सोनं नव्हे, तिची किंमत दरवर्षी उतरते. यॉट आणि हौशी जलविहाराच्या नौकांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. इंजिन बसवलेली बोट धरणात किंवा नदीत चालवायची तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तिची तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतं. शिवाय वाहून न्यायला ट्रेलर, ठेवायला शेड आणि इंजिनाची देखभाल. फायबर आणि रबर दोन्ही मराठवाड्याच्या उन्हात खराब होतात.

आणि मुख्य प्रश्न पाण्याचा. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही दरवर्षी पडेल याची खात्री नाही. केज तालुक्यात धनेगावला असलेलं मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यात आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माजलगाव धरणाला जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून पाणी मिळतं, तरीही ते मृतसाठ्यात गेल्याची वर्षं आहेत. अशा वर्षी तुमची बोट पत्र्याखाली पडून राहणार आणि खर्च चालूच राहणार. भाड्यानं बोट घेणारा मात्र पाणी असेल तिथे जातो, नसेल तर त्याचा एक पैसाही खर्च होत नाही. ज्या जिल्ह्यात पाण्याचाच भरवसा नाही, तिथे भाड्याचा मार्ग केवळ स्वस्त नाही, तोच शहाणपणाचा आहे.

गैरसमज: बोट आपली असली की कुठल्याही धरणात उतरवता येते

नाही. बोट तुमची असली तरी जलाशय तुमचा नसतो. धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात, मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो आणि माजलगावच्या पाण्यावर तर बीड शहराची तहान भागते. परवानगीशिवाय तिथे इंजिन सुरू करणं गैरच.

गैरसमज: भाड्यानं मिळते ती फक्त बागेतली पायडल बोट

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोली आणि तापोळ्याला स्थानिक गावकरीच बोट क्लब चालवतात. तिथून वासोट्याच्या पायथ्यापर्यंतचा जलप्रवास महाराष्ट्रातल्या सुंदर प्रवासांपैकी एक आहे. भाडं बोटीचं असतं, ते सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं. नाशिकला गंगापूर धरणावर पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे, महाबळेश्वरला वेण्णा तलाव आहे. बीडकरांना त्यातल्या त्यात सोयीचं म्हणजे उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात तेव्हा तिथले मच्छीमार आपल्या होड्यांतून पर्यटकांना घेऊन जातात. कोणता पक्षी कुठे बसतो हे त्यांना पाठ असतं. स्वतःची बोट घेऊन गेलात तरी ती माहिती तिच्याबरोबर मिळणार नाही.

गैरसमज: वल्हवायला शिकायचं तर घरची होडी हवी

दत्तू भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. गाव दुष्काळी, घरची परिस्थिती हलाखीची. २०१२ मध्ये तो सैन्यात गेला आणि पुण्यात वल्हं हातात धरायला शिकला. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या एकेरी नौकानयनात तो भारताकडून उतरला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात त्यानं सुवर्णपदक मिळवलं. यातलं काहीही घरच्या होडीवर झालं नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा, रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. एनसीसीच्या नौदल शाखेतही नौकानयन शिकवलं जातं. तुमचा मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईत शिकत असेल, तर हे मार्ग आधी बघा.

गैरसमज: चौघांनी मिळून घेतली की झालं

सामायिक विहिरीवरच्या पाळ्यांवरून भावाभावांत काय होतं हे बीडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. कोणता रविवार कुणाचा, दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, एकजण बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कोण घेणार, हे लेखी ठरलं असेल तरच भागीदारी टिकते. अमेरिकेत १९८९ मध्ये सुरू झालेल्या फ्रीडम बोट क्लबनं यावर वेगळा तोडगा काढला: बोटी क्लबच्या, सभासद वर्गणी भरून वापरतात. आपल्या मच्छीमार संस्थांना हे जमण्यासारखं आहे. माजलगावला भोई समाजातल्या तरुणांच्या हाती, जलसंपदा विभागाच्या परवानगीनं, चार चांगल्या होड्या आल्या तर हौशी माणसाची सोय होईल आणि त्यांना मासेमारीच्या जोडीला रोजगार मिळेल.

गैरसमज: आपली बोट म्हणजे सुरक्षित बोट

पाणी मालकी बघत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. २०२२ मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या माणसाचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातल्या जवानाचाही जीव गेला. पोहता येणाऱ्यालाही जलाशय दगा देतो. म्हणून वारा सुटला किंवा आभाळ भरून आलं तर निघू नका. बोटीत क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त असेल तर उतरून जा, पैसे दिले असले तरी. थर्माकोलच्या चप्पूवर तर गंमत म्हणूनही बसू नका.

आणि काही विकत घ्यायचंच असेल, तर घरातल्या प्रत्येकाच्या वजनाला बसेल असं लाइफ जॅकेट घ्या. भाड्याच्या बोटीत लहान मुलांच्या मापाचं जॅकेट असेलच असं नाही. बोटीत पाय ठेवण्याआधी ते घाला, पट्टे आवळा आणि काठावर परत येईपर्यंत काढू नका.