हक्काचा आधार, भाग ६ : दाखल्यात न मावणारा खर्च

मागच्या भागात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड कसं मिळतं ते पाहिलं. टक्केवारी ठरली की सुटलो, असं घरच्यांना वाटतं. पण खरी अडवणूक पुढे होते, उत्पन्नाच्या दाखल्यापाशी.

बेंगळुरूचं चामराजपेट घेऊ. १८९२ साली आखून वसवलेली ही वस्ती. मिंटो नेत्र रुग्णालय इथलंच. समजा, फोर्थ मेनच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत एक मराठी कुटुंब राहतं. वडील शिलाईकाम करतात. एकवीस वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, आई दिवसभर तिच्यापाशी. मुलीच्या पेन्शनसाठी नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, उत्पन्नाचा दाखला काढायचा. एवढासा कागद, त्यावर दाखल्याचा क्रमांक आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. त्या एका आकड्यावर सगळं अडतं, कारण कर्नाटकात या पेन्शनची मर्यादा आहे वर्षाला ३२,००० रुपये.

म्हणजे महिन्याला २,६६७ सुद्धा नाहीत. २०२५-२६ मध्ये कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३७० रुपये होती. शंभर दिवसांचे ३७,००० होतात. सरकारनेच हमी दिलेलं काम एखाद्या घराला पूर्ण मिळालं, तर पेन्शनच्या हिशेबात ते घर गरीब उरत नाही! बेंगळुरूत एवढ्या पैशांत कुणाचं घर चालतं? मग दाखल्यावरचा आकडा ३२,००० च्या आत कसा बसवायचा, याची खटपट सुरू होते. ज्याला ती जमत नाही किंवा खोटं सांगवत नाही, तो बाहेर राहतो. ही अट मला अन्यायाची वाटते.

शिवाय दाखला फक्त आत येणारा पैसा मोजतो. मुलीला दवाखान्यात न्यायचं तर बस चालत नाही, रिक्षाच लागते. डायपर, फिटची औषधं, फिजिओथेरपी, व्हीलचेअरची दुरुस्ती हे सगळं चालूच असतं. आणि आईची बुडालेली कमाई? ती तर कुठल्याच रकान्यात येत नाही. शेजारच्या घरात तेवढेच पैसे येत असले, तरी ही दोन घरं सारखी कशी म्हणायची?

ब्रिटनने हा जादा खर्च वेगळा धरला. १९९२ पासून तिथे त्यासाठी स्वतंत्र भत्ता आहे, २०१३ पासून त्याचं रूप बदललं. पण तो देताना उत्पन्न विचारत नाहीत, गरज तपासतात. त्या तपासणीबद्दल तिथेही तक्रारी पुष्कळ आहेत. तरीही प्रश्न तरी योग्य विचारला जातो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. कर्नाटकात ६५ वर्षांवरील वृद्धांना संध्या सुरक्षा योजनेत महिन्याला १,२०० रुपये मिळतात. त्यावर २५ टक्के धरले तर १,५०० होतात. प्रत्यक्षात २०२१ च्या वाढीनंतरही ४० ते ७५ टक्के दिव्यांगत्वाला ८००, त्याहून जास्त असेल तर १,४००. केंद्राचा वाटा तर ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तरच, आणि तोही २०१२ पासून ३०० वरच थांबलेला.

त्याच कर्नाटकात २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेत बायांना २,००० रुपये मिळतात. तिथे पाहतात ते कुटुंबप्रमुख बाई किंवा तिचा नवरा आयकर, जीएसटी भरतो का, एवढंच. महाराष्ट्रात लाडक्या बहिणीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगाला मात्र हीच मर्यादा ५०,०००. २०२५ मध्ये तिथलं दिव्यांगांचं अनुदान १,५०० वरून २,५०० झालं, ही चांगली गोष्ट. पण मर्यादेबाहेर राहिलेल्याला त्या वाढीचा काय उपयोग? बायांना पैसे मिळतात याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तेवढाच विश्वास दिव्यांगांच्या घरावरही टाकावा, एवढंच.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही. पेन्शनची उत्पन्नमर्यादा किती, हे कलम २४ ने सरकारच्या अधिसूचनेवर सोडलं आहे. त्याच कलमात काळजी घेणाऱ्यासाठीच्या भत्त्याचाही उल्लेख आहे; चामराजपेटच्या त्या आईला तो कसा मागता येईल, ते पुढच्या भागात पाहू.